वाहत्या रक्ताचं चित्र

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात आपण सगळ्यांनीच पाठ केलं आहे : हृदयाकडून रक्त नेते ती धमनी आणि हृदयाकडे परत आणते ती शीर. परीक्षेत दोन गुण मिळाले आणि विषय संपला. पण कविता लिहिणाऱ्या माणसाला एक खोड असते. शब्द दिसला की तो त्याचं मूळ चाचपून बघतो. 'धमनी' या शब्दाचं मूळ संस्कृतातल्या 'ध्मा' या धातूत आहे. ध्मा म्हणजे फुंकणं, लोहाराचा भाता करतो ते. म्हणजे शब्दाच्या पोटात रक्त नाहीच, वारा आहे!

गंमत अशी की ग्रीकांकडेही हेच. ज्या 'आर्टेरिया' शब्दावरून इंग्रजीतला 'आर्टरी' आला, तो शब्द ग्रीक लोक श्वासनलिकेलाही वापरत. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एरासिस्ट्रेटस नावाचा मोठा ग्रीक वैद्य होऊन गेला. धमन्यांतून रक्त नव्हे, 'न्यूमा' म्हणजे प्राणरूपी वायू वाहतो, असं तो शिकवायचा. हा माणूस अडाणी नव्हता. त्यानं शरीरं उघडून पाहिली होती आणि घोळ झाला तो तिथेच. माणूस मेला की धमन्या आकसतात आणि त्यांतलं रक्त शिरांकडे सरकतं. त्यामुळे प्रेताची धमनी कापली तर ती पुष्कळदा रिकामी सापडते. त्यानं पाहिलं ते खरंच होतं, पण ते मेलेल्या माणसाचं खरं होतं.

श्रोतेहो, आज मला बोलायचं आहे ते याच अडचणीबद्दल. वाहतं रक्त बघायचं तर माणूस जिवंत हवा, आणि जिवंत माणूस उघडून तर बघता येत नाही. मग त्याच्या रक्तवाहिन्या आतून बघायच्या कशा? या प्रश्नाचं उत्तर शोधायला दोन हजारांहून जास्त वर्षं लागली. आज तालुक्याच्या गावातला माणूसही 'सीटी अँजिओग्राफी' हा शब्द सहज उच्चारतो. हे दोन शब्द एकत्र यायला काय काय घडलं, कुणी काय सोसलं, याची ही हकिकत आहे. मी डॉक्टर नाही. बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. उपचार सांगणं माझं काम नव्हे, पण इतिहास सांगता येईल.

एरासिस्ट्रेटसनंतर चारशे वर्षांनी, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये गेलन नावाचा वैद्य झाला. धमन्यांत वारा नाही, रक्तच आहे, हे त्यानं जनावरांवर प्रयोग करून दाखवून दिलं. पण हृदयाच्या उजव्या कप्प्यातलं रक्त डाव्या कप्प्यात जातं कसं? गेलन म्हणाला, मधल्या पडद्याला बारीक बारीक छिद्रं आहेत, त्यांतून ते झिरपतं. ती छिद्रं कुणाला कधी दिसली नाहीत. पण गेलनचा दबदबा एवढा की पुढं हजारभर वर्षं लोक ती आहेतच असं धरून चालले.

ही छिद्रं नाहीत असं लिहिणारा पहिला माणूस होता इब्न अल-नफीस. जन्म दमास्कसकडचा, आयुष्य गेलं कैरोत. इब्न सीनाच्या वैद्यकग्रंथातल्या शरीररचनेवर त्यानं १२४२ च्या सुमारास भाष्य लिहिलं. तेव्हा त्याचं वय तिशीच्या आतबाहेर. त्यानं सरळ लिहिलं की हृदयाचा मधला पडदा भरीव आहे, त्यातून काही पलीकडे जात नाही. रक्त उजव्या बाजूकडून फुप्फुसात जातं, तिथं हवेशी मिसळतं आणि मग डाव्या बाजूला येतं. हा रस्ता नीट ध्यानात ठेवा. पुढं एका यंत्रापाशी तो पुन्हा आपल्याला भेटणार आहे. त्याचं हे हस्तलिखित मात्र शतकानुशतकं दुर्लक्षित राहिलं. १९२४ साली मुहिद्दीन अल-ततावी या तरुण इजिप्शियन डॉक्टरला ते बर्लिनच्या ग्रंथालयात सापडलं, तेव्हा जगाला त्याची ओळख पटली.

१६२८ साली इंग्लंडच्या विल्यम हार्वे यानं रक्ताचा पुरा फेरा मांडला. त्याची युक्ती दुकानदाराच्या हिशेबासारखी होती. हृदय एका ठोक्याला किती रक्त ढकलतं, अर्ध्या तासात ठोके किती पडतात, याचा त्यानं गुणाकार केला. आलेला आकडा अख्ख्या शरीरातल्या रक्तापेक्षा जास्त निघाला. म्हणजे रक्त दर वेळी नवं तयार होत नाही, तेच तेच फिरत राहतं. पण धमनीतून ते शिरेत शिरतं कुठून, हे त्याला दिसलं नाही. त्या केसांहून बारीक वाहिन्या १६६१ मध्ये इटलीच्या माल्पिगीनं बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. तोवर हार्वेला जाऊन चार वर्षं झाली होती.

आता एकदम १८९५ सालात येऊ. जर्मनीतल्या वुर्झबुर्ग गावी ८ नोव्हेंबरला विल्हेल्म राँटजेन यांना क्ष-किरण सापडले. डिसेंबरात त्यांनी पत्नीच्या हाताचं चित्र घेतलं. हाडं आणि बोटातली अंगठी त्या चित्रात स्वच्छ दिसत होती. रक्तवाहिन्या मात्र कुठंच नव्हत्या. कारण साधं आहे. हाड क्ष-किरणांना अडवतं म्हणून त्याची सावली पडते. रक्त आणि भोवतालचं मांस मात्र त्यांना जवळजवळ सारखंच. पाण्यात पाणी कसं दिसणार? दाखवायचं तर रक्तात असं काहीतरी मिसळायला हवं, जे सावली पाडेल.

लोक थांबले नाहीत. जानेवारी १८९६ मध्ये, म्हणजे महिनाही पुरता उलटला नसेल, व्हिएन्नात हाशेक आणि लिंडेनथाल या दोघांनी एका प्रेताच्या हाताच्या रक्तवाहिन्यांत चुना, हिंगूळ आणि खनिज तेल यांचं मिश्रण भरलं आणि जवळपास तासभर क्ष-किरण सोडून चित्र काढलं. बोटांच्या टोकापर्यंत गेलेल्या बारीक फांद्या त्या चित्रात उमटल्या. जगातलं ते पहिलं अँजिओग्राम. चित्र देखणं होतं, पण हात पुन्हा मेलेल्या माणसाचाच. ते मिश्रण जिवंत माणसाच्या अंगात घातलं असतं तर माणूस वाचला नसता.

जिवंत माणसापर्यंत पोचायला आणखी ३१ वर्षं गेली. पोर्तुगालमध्ये लिस्बनला एगास मोनीझ नावाचे मेंदूविकारांचे प्राध्यापक होते. मेंदूत गाठ असेल तर तिथल्या रक्तवाहिन्या बाजूला सरकलेल्या असणार, त्यांचं चित्र मिळालं तर गाठीचा ठावठिकाणा लागेल, असा त्यांचा विचार. आधी त्यांनी ब्रोमाइडचा क्षार वापरून पाहिला. त्या प्रयोगांत एक रुग्ण दगावला. मग ते आयोडीनच्या क्षाराकडे वळले आणि जून १९२७ मध्ये जिवंत माणसाच्या मेंदूतल्या धमन्यांचं चित्र त्यांना मिळालं. अँजिओग्राफीसाठी आजही आयोडीनच वापरतात. आपल्या मिठात गलगंडासाठी घालतात तेच आयोडीन, रूप तेवढं वेगळं.

पण वाट सरळ नव्हती. आयोडीननं आग होते, त्रास होतो म्हणून १९३० च्या सुमारास 'थोरोट्रास्ट' नावाचं औषध आलं. रुग्णाला अजिबात दुखायचं नाही आणि चित्रही सुरेख यायचं. डॉक्टर खूश, रुग्ण खूश. त्यात होतं थोरियम. ते किरणोत्सर्गी आणि एकदा अंगात गेलं की बाहेर पडत नाही, यकृतात जाऊन बसतं. वीस-तीस वर्षांनी त्या रुग्णांपैकी कित्येकांना यकृताचा कर्करोग झाला. न दुखणारी गोष्ट निर्धोक असतेच असं नाही, हा धडा वैद्यकानं फार महाग विकत घेतला.

मग पाळी आली हृदयाची. आम्ही कवींनी या हृदयाचं काय काय करून ठेवलं आहे! ते जाळलं, मोडलं, हरवलं, कुणाला देऊनही टाकलं. प्रत्यक्षात ते मुठीएवढं स्नायूचं यंत्र आहे आणि त्याला स्वतःला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमन्या बॉलपेनच्या रिफिलीएवढ्या जाड असतात. त्यांतली एखादी तुंबली की सगळी कविता संपते.

१९२९ साली जर्मनीतल्या एबर्सवाल्ड गावच्या रुग्णालयात वेर्नर फोर्समन नावाचा तरुण डॉक्टर होता. हाताच्या शिरेतून नळी सरकवत थेट हृदयात नेता येईल, असं त्याच्या मनानं घेतलं. वरिष्ठांनी मनाई केली. शस्त्रक्रियेच्या सामानाच्या किल्ल्या गेर्डा डिट्झेन या परिचारिकेकडे होत्या. ती म्हणाली, प्रयोग माझ्यावर करा. त्यानं तिला टेबलावर बांधलं आणि तिला कळायच्या आत आपल्याच हाताची शीर उघडून नळी आत सरकवली. मग तशीच नळी अंगात घेऊन दोघं क्ष-किरणाच्या खोलीपर्यंत चालत गेली. चित्रात नळीचं टोक हृदयात दिसत होतं. त्या काळी त्याच्या वाट्याला टीकाच आली. १९५६ साली मात्र याच कामासाठी आणखी दोघांबरोबर त्याला नोबेल मिळालं.

हृदयाच्या आत नळी गेली, पण हृदयाला रक्त देणाऱ्या त्या रिफिलीएवढ्या धमन्यांत औषध सोडायला कुणी धजत नव्हतं. हृदय बंद पडेल, असंच सगळे मानत. ३० ऑक्टोबर १९५८ रोजी अमेरिकेत क्लीव्हलंडला मेसन सोन्स हे डॉक्टर २६ वर्षांच्या एका रुग्णाची तपासणी करत होते. औषध महाधमनीत सोडायचं होतं. नळीचं टोक सरकलं आणि औषधाचा मोठा फवारा सरळ उजव्या हृदयधमनीत गेला. हृदयाचे ठोके थांबले. सोन्स ओरडले, "खोका, जोरानं खोका!" तो तरुण खोकला आणि ठोके पुन्हा सुरू झाले. जी गोष्ट करायची नाही असं सगळ्यांनी ठरवलं होतं ती आपोआप घडली होती आणि माणूस वाचला होता. औषध थोडं आणि बेतानं दिलं तर चालतं, हे त्यातून कळलं आणि हृदयाची अँजिओग्राफी जन्माला आली. याच वाटेनं पुढं १९७७ साली झ्युरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी नळीच्या टोकाला फुगा लावून अरुंद झालेली हृदयधमनी रुंद केली. तीच आपली अँजिओप्लास्टी.

इथं घरातली एक गोष्ट सांगतो. माझे अब्बा शिंपी होते. तालुक्याच्या गावात बाजारपेठेत त्यांचं छोटं दुकान होतं. १९९० च्या पावसाळ्यापासून एसटी स्टँडची चढण चढताना त्यांची छाती आवळून यायची. उभे राहिले की पाच मिनिटांत बरं वाटायचं. गावातल्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला. तो बसल्या जागी काढलेला, त्यात काही दिसलं नाही. तरीही ते भले डॉक्टर म्हणाले, "मास्तर, मला शंका आहे. मुंबईला जाऊन अँजिओग्राफी करून घ्या." अब्बांनी ती कशी करतात ते विचारलं. डॉक्टरांनी मांडीतून नळी कशी घालतात ते समजावून सांगितलं. अब्बा ऐकून हसले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आयुष्यभर मी सुईत दोरा ओवला. दोरा सुईबाहेर कसा जातो ते मला ठाऊक आहे. माझ्या काळजात कुणी दोरा ओवायचा नाही." पैशांचा प्रश्न होताच, पण भीती त्याहून मोठी होती. पुढच्या वर्षी, मी बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना, दुकानातच त्यांचं निधन झालं.

यात दोष कुणाचाच नव्हता. त्या काळी त्यांच्यासारख्या माणसापुढं दोनच दारं होती. रक्तवाहिनी बघायची तर तिच्या आत शिरायला हवं. शिरायचं नसेल तर बघायचं नाही. तिसरं दार तेव्हा नुकतं किलकिलं होत होतं, पण ते आमच्या गावापासून फार लांब होतं.

त्या तिसऱ्या दाराची गोष्ट ग्रामोफोनच्या तबकड्यांपासून सुरू करता येईल. कुत्रा कर्ण्यासमोर बसला आहे, ते एचएमव्हीचं चित्र आठवतं ना? आपली कित्येक भावगीतं, नाट्यगीतं त्याच तबकड्यांवर घरोघरी पोचली. त्या एचएमव्हीची इंग्लंडमधली मूळ कंपनी ईएमआय. तिथं गॉडफ्रे हाउन्सफील्ड नावाचे अभियंते काम करत. विद्यापीठाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. त्यांच्या डोक्यात एक कल्पना आली. बंद खोक्यात काय आहे हे एकाच बाजूच्या सावलीवरून कळत नाही. पण चहूबाजूंनी सावल्या घेतल्या आणि त्यांचा हिशेब मांडला तर? दंडगोल आडवा धरला तर सावली चौकोनी पडते आणि उभा धरला तर गोल. दोन्ही जुळवल्या की वस्तू कळते. क्ष-किरणांची नळी माणसाभोवती फिरवायची, प्रत्येक कोनातून किती किरण पार गेले ते मोजायचं आणि संगणकाकडून आकडेमोड करून घ्यायची. न कापता कलिंगडाची चकती बघावी तशी शरीराची चकती दिसेल.

याच हिशेबाचं गणित दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ ॲलन कॉर्मॅक यांनी १९६३ आणि १९६४ मध्ये छापलं होतं. कुणी फारशी दखल घेतली नाही. आणखी मौज म्हणजे त्यातलं मूळ गणित योहान राडॉन या गणितज्ञानं १९१७ सालीच सोडवून ठेवलं होतं आणि ते कॉर्मॅकना ठाऊक नव्हतं. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधल्या ॲटकिन्सन मोर्ले रुग्णालयात एका स्त्रीच्या मेंदूचं चित्र या नव्या यंत्रानं घेतलं. गाठ दिसली. १९७९ चं नोबेल हाउन्सफील्ड आणि कॉर्मॅक यांना मिळून दिलं गेलं.

पण त्या यंत्राला एका फेरीसाठी चार-पाच मिनिटं लागत. मेंदू स्थिर असतो, त्याचं जमलं. हृदय तर मिनिटाला सत्तर वेळा उडतं. धावणाऱ्या पोराचा फोटो मंद कॅमेऱ्यानं काढला तर काय दिसेल? नुसता धूर. म्हणून यंत्राला वेग हवा होता. १९८९ मध्ये विली कालेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीत 'स्पायरल' पद्धत मांडली. यंत्र न थांबता गोल फिरतं आणि रुग्णाचं टेबल त्यातून सरकत राहतं. पळणाऱ्या चाकाला दोरा गुंडाळत जावा तसं. अंगात औषध आहे तोवरच काही सेकंदांत मोठा भाग टिपता येऊ लागला आणि १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत 'सीटी अँजिओग्राफी' हा शब्द वैद्यकाच्या नियतकालिकांत दिसू लागला. आधी पोटातली महाधमनी, मूत्रपिंडाच्या धमन्या अशा मोठ्या आणि स्थिर वाहिन्या. १९९८ मध्ये एका फेरीत चार चकत्या घेणारी यंत्रं आली, २००४ च्या सुमारास चौसष्ट. तेव्हा कुठं धडधडतं हृदय हाती लागलं.

औषधही सुधारलं. त्यामागची गोष्ट मला फार आवडते. स्वीडनच्या टॉर्स्टन आल्मेन या डॉक्टरांना पाण्यात डोळे उघडे ठेवून पोहायची सवय. बाल्टिकच्या कमी खारट पाण्यात डोळे चुरचुरत नाहीत, पश्चिम किनाऱ्याच्या खाऱ्या पाण्यात चुरचुरतात, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांच्या मनात आलं, आयोडीनच्या औषधानं रुग्णाच्या रक्तवाहिन्यांची आग होते ती याच खारेपणानं तर नसेल? १९६० च्या दशकात त्यांनी कमी 'खारट' औषधाची कल्पना मांडली आणि नॉर्वेतल्या एका कंपनीनं ते बनवलं. आज वापरात असलेली औषधं त्याच कुळातली.

तीन वर्षांपूर्वी माझी स्वतःची ही तपासणी झाली. नाडी जलद चालू नये म्हणून आधी गोळी दिली. जिभेखाली धमन्या सैलावणारं औषध दिलं, छातीला कार्डिओग्रामच्या तारा लावल्या. दंडाच्या शिरेत सुई, बस्स. यंत्रातून हिंदीत आवाज आला, सांस रोकिए. औषध आत गेलं तशी कानांच्या पाळ्यांपासून तळपायांपर्यंत ऊब पसरली. मला वाटलं, आता कुठं सुरू होईल, तर तंत्रज्ञ म्हणाला, "चाचा, झालं. उठा."

नंतर मी त्याला विचारलं, औषध दंडाच्या शिरेत सोडलं, मग ते हृदयाच्या धमनीत पोचलं केव्हा हे यंत्राला कळतं कसं? तो म्हणाला, यंत्र वाट बघतं. शिरेतलं औषध आधी हृदयाच्या उजव्या बाजूला येतं, तिथून फुप्फुसात, तिथून डाव्या बाजूला आणि मग महाधमनीत. पंधरा-वीस सेकंद लागतात. महाधमनी उजळली की चित्र घेतो, तेही दोन ठोक्यांमध्ये हृदय जरा विसावतं तेवढ्यात.

श्रोतेहो, हा रस्ता ओळखीचा वाटला ना? उजवी बाजू, फुप्फुस, डावी बाजू. कैरोतल्या त्या तिशीतल्या वैद्यानं १२४२ मध्ये लिहिलेला हाच तो रस्ता. कोट्यवधी रुपयांचं यंत्र त्या रस्त्याच्या भरवशावर सेकंद मोजत थांबलेलं असतं.

हे चित्र फक्त हृदयाचंच काढतात असं नाही. पक्षाघाताच्या रुग्णाच्या मेंदूतली कुठली धमनी तुंबली, फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली का, महाधमनी फुगली किंवा चिरली का, चालताना पोटरी भरून येते तर पायाची धमनी कुठं अरुंद झाली, हे सगळं त्यात बघतात. आणि एक मोठा फरक आहे. नळीच्या अँजिओग्राफीत धमनीतली पोकळी दिसते, म्हणजे रस्ता किती रुंद उरला ते. सीटीत भिंतही दिसते. अमेरिकेच्या सीमोर ग्लॅगव्ह यांनी १९८७ साली दाखवून दिलं होतं की भिंतीत चरबीचा थर साचू लागला तर धमनी आधी बाहेरच्या बाजूला फुगते. त्यामुळे बरेच दिवस आतला रस्ता मोकळाच दिसतो. हृदयविकाराचे कित्येक झटके फार अरुंद नसलेल्या जागीच थर फुटून येतात. म्हणून भिंत बघायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे.

हीच नजर पुन्हा प्रेतांकडेही वळली. इजिप्तच्या ममींच्या धमन्यांतला रोग मार्क रफर यांनी १९११ मध्येच नोंदवला होता. २०१३ साली शास्त्रज्ञांच्या एका गटानं इजिप्त, पेरू, अमेरिकेचा नैर्ऋत्य भाग आणि अल्युशन बेटं इथल्या १३७ ममींचं सीटी स्कॅन प्रसिद्ध केलं. ४७ जणांच्या धमन्यांत थर साचल्याच्या खुणा होत्या, म्हणजे साधारण तिघांत एकाच्या. त्यात शिकार करून, मासे मारून जगणारी माणसंही होती. हा रोग फक्त आपल्या वडापावाचा आणि धावपळीचा आहे असं नाही. तो माणसाचा जुना सोबती आहे. बिडी-सिगारेट, मधुमेह, रक्तदाब आणि बैठं जगणं त्याला लवकर बोलावून आणतात, एवढंच.

आता शेवटचा आणि माझ्या लेखी सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न. चित्र दिसलं, पुढं काय? चित्रानं माणूस बरा होतो का?

याचं उत्तर देणारी एक चाचणी स्कॉटलंडमध्ये झाली. छातीत दुखतं म्हणून आलेल्या ४१४६ रुग्णांचे दोन गट केले. एकाला नेहमीच्या तपासण्या, दुसऱ्याला त्यांच्या जोडीला सीटी अँजिओग्राफी. २०१८ मध्ये निष्कर्ष आले. पाच वर्षांत हृदयविकारानं मृत्यू किंवा झटका येण्याचं प्रमाण पहिल्या गटात ३.९ टक्के होतं, सीटीच्या गटात २.३ टक्के. तुम्हाला वाटेल, सीटीवाल्यांच्या जास्त शस्त्रक्रिया झाल्या असतील. तसं नाही. पाच वर्षांचा हिशेब केला तर नळीच्या तपासण्या आणि अँजिओप्लास्टी-बायपास दोन्ही गटांत जवळपास सारख्याच होत्या. फरक होता तो रोजच्या गोळ्यांत. चित्रात थर दिसला, म्हणून कोलेस्टेरॉलची आणि इतर प्रतिबंधक औषधं अधिक जणांना सुरू झाली. २०२२ मध्ये युरोपातल्या आणखी एका चाचणीत, ३५६१ रुग्णांत, तपासणी आणि तिच्यामागून होणारे उपचार यांतून उद्भवणारी मोठी गुंतागुंत नळीपासून सुरुवात केलेल्यांत १.९ टक्के आणि सीटीपासून सुरुवात केलेल्यांत ०.५ टक्के आढळली.

दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१५ साली अमेरिकेत दहा हजार रुग्णांवर झालेल्या चाचणीत, ट्रेडमिलसारख्या ताणाच्या तपासण्यांपेक्षा सीटीमुळे रुग्णांचं भलं अधिक झालं असं दिसलं नाही. या तपासणीत किरणोत्सर्ग आहेच, पूर्वीपेक्षा कमी असला तरी. मूत्रपिंडं अशक्त असतील, आयोडीनच्या औषधाची ॲलर्जी असेल तर जपावं लागतं. धमनीत खूप चुना साचला असेल, ठोके अनियमित असतील तर चित्र धूसर येतं. आणि झटका चालू असेल तर सीटीत वेळ घालवत नाहीत, सरळ नळीच्या खोलीत नेतात, कारण तिथं बघता बघता रस्ता मोकळाही करता येतो. काही त्रास नसताना 'पॅकेज'मध्ये सवलत आहे म्हणून करून घ्यायची ही गोष्ट नव्हे. कुणाला करायची हे डॉक्टरांनी माणूस तपासून ठरवायचं.

माझ्या चित्रात एका धमनीच्या भिंतीत थोडा थर दिसला. रस्ता बराचसा मोकळा. नळी नाही, फुगा नाही. रोज रात्री एक गोळी, सकाळी चालणं, आणि मटणाच्या रश्शावरची तर्री बाजूला काढणं. तर्री काढणं सगळ्यांत जड जातं, पण जमतं.

ही सगळी हकिकत वाचताना मला एक गोष्ट जाणवत राहिली. राँटजेन, मोनीझ, सोन्स, हाउन्सफील्ड ही नावं पुस्तकांत आहेत आणि असायलाच हवीत. पण व्हिएन्नातला तो हात ज्याचा होता तो माणूस, लिस्बनमध्ये दगावलेला रुग्ण, थोरोट्रास्ट घेऊन हसत घरी गेलेले लोक, क्लीव्हलंडचा तो खोकणारा तरुण, १९७१ साली नव्या यंत्रात डोकं ठेवणारी ती स्त्री, यांची नावं आपण घेत नाही. दंडाच्या एका सुईवर आज भागतं ते या सगळ्यांनी आपापला वाटा आधीच भरला म्हणून. त्यांचं देणं फेडायचा माझ्यासारख्याला सुचलेला एकच मार्ग आहे. चढण चढताना छाती आवळून आली, हात किंवा जबडा भरून आला आणि थांबल्यावर बरं वाटलं, तर 'गॅस असेल' म्हणून घरी बसायचं नाही. डॉक्टरांकडे जायचं. आणि त्यांनी चित्र काढून काही दाखवलं, तर ती फिल्म कपाटात टाकून न देता त्यांनी सांगितलेली गोळी त्या रात्रीपासून घ्यायची.